तळणीच्या तेलाची पुढची वाट

आहाराविषयी माझ्या दवाखान्यात सर्वाधिक वेळा कोणता प्रश्न विचारला जातो, असे कोणी मला विचारले तर उत्तराला क्षणभरही विचार करावा लागणार नाही. "डॉक्टर, तेल कोणते खावे?" हाच तो प्रश्न. शेंगदाण्याचे की करडईचे, घाण्यावरचे की रिफाइंड, एकच तेल वापरावे की आलटून पालटून. या विषयावर प्रत्येक घरात किमान एक तज्ज्ञ असतोच. मात्र दिवाळीच्या चकल्या-कडबोळी तळून झाल्यावर कढईत उरलेले तेल पुढे कुठे जाते, हे मला आजवर अगदी मोजक्यांनी विचारले आहे. घरातले सोडा. ज्या मिठाईच्या दुकानातून आपण किलोकिलोने फरसाण आणतो, ज्या कार्यालयात पाचशे पानांची पंगत उठते, मुलांच्या वसतिगृहाची जी मेस असते, तिथल्या कढईतले तेल रात्री कुठे जाते?

आजचे सदर या प्रश्नाविषयी आहे, आणि त्याच्या उत्तरात बायोडिझेल नावाचे इंधन येते. आरोग्याच्या पाक्षिकात इंजिनाच्या इंधनाचे काय काम, असे वाटून पान उलटू नका. वापरलेल्या तेलाला जाण्यासाठी स्वतंत्र वाट नसेल तर ते फिरून कोणाच्या तरी ताटात येते, आणि बहुतेक वेळा हे ताट आपल्यापेक्षा गरीब माणसाचे असते. आज उपलब्ध असलेल्या वाटांपैकी बायोडिझेल ही मला सर्वांत व्यवहार्य वाटते. ती कशी चालते आणि कुठे अडते, हे कुटुंबातल्या शहाण्या माणसांना ठाऊक असावे.

आधी कढईत काय घडते ते पाहू. तळताना तेलाचे तापमान साधारणपणे १७० ते १९० अंश सेल्सिअस असते. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या एका कण्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन साखळ्या. भजे किंवा वडा तेलात पडला की त्यातल्या पाण्याची वाफ होते. ही वाफ बाहेर पडताना काही साखळ्या कण्यापासून तोडते. अशा सुट्या झालेल्या साखळ्यांना मुक्त मेदाम्ले म्हणतात. दुसरीकडे हवेतील प्राणवायू साखळ्यांच्या नाजूक जागांवर चढाई करतो. त्यातून काही तुकडे पडतात. यांतले काही आल्डिहाइड वर्गातले असतात आणि डोळ्यांना व घशाला झोंबतात. काही तुकडे मात्र एकमेकांना जोडले जाऊन जाड, चिकट होत जातात. कढईच्या काठाला बसलेला, काथ्याने घासूनही न निघणारा तपकिरी थर आठवा. तो याच चिकट भागाचा असतो. तेल दाट होणे, पदार्थ सोडताच त्याला टिकून राहणारा फेस येणे, नेहमीपेक्षा लवकर धूर येणे आणि वडा बाहेर काढल्यावर तो अधिक तेलकट वाटणे, या सर्व खुणा या बदलांच्याच आहेत.

या बिघडलेल्या अंशांची गोळाबेरीज करण्यासाठी 'एकूण ध्रुवीय संयुगे' हे माप वापरले जाते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्याची मर्यादा २५ टक्के ठरवली. त्यापलीकडे गेलेले तेल खाण्याचे पदार्थ तळण्यासाठी वापरता येत नाही. हे माप घेणारे हातात मावणारे उपकरण मिळते. गरम तेलात त्याचे टोक बुडवले की आकडा दिसतो. मोठ्या साखळी-उपाहारगृहांत ते असते. कोपऱ्यावरच्या गाडीवर ते असण्याची अपेक्षा कोणी करू नये.

आता डॉक्टर म्हणून तुम्ही मला विचाराल, की असे तेल पोटात गेले तर नेमके होते काय? इथे मला तोलून बोलले पाहिजे. असे तेल एकदा खाल्ल्याने फार तर छातीत जळजळ होते, पोट बिघडते. चिंता रोजच्या खाण्याची आहे. पुन्हा पुन्हा तापवलेले तेल खाऊ घातलेल्या उंदरांचा रक्तदाब वाढल्याचे आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराची हानी झाल्याचे प्रयोगांत आढळले आहे. माणसांमधील पुरावा मिळवणे कठीण असते, कारण कोणी कोणत्या दर्जाचे तेल किती खाल्ले याची नोंद कोण ठेवणार? तरी स्पेनमधील मालागा प्रांतातल्या पिझारा गावी संशोधकांनी एक साधी आणि सुरेख गोष्ट केली. त्यांनी लोकांच्या स्वयंपाकघरांतूनच तळणीच्या तेलाचे नमुने गोळा केले, ते तपासले आणि त्या घरांतल्या माणसांचे रक्तदाब मोजले. ज्यांच्या तेलात ध्रुवीय संयुगे अधिक, त्यांच्यात उच्च रक्तदाबाचे प्रमाणही अधिक, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले. अशा अभ्यासाने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. परंतु रोज संध्याकाळी दारातल्या गाडीवर दोन वडे खाणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णाला मी मीठ कमी करायला सांगतो, तेव्हा आता तेलाचीही चौकशी करतो.

दुसरी बाब धुराची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने उच्च तापमानावर तळताना निघणाऱ्या धुराला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या वर्गात ठेवले आहे. म्हणजे काळे तेल खाणाऱ्याआधी त्या तेलाचा भुर्दंड कढईपुढे उभ्या असलेल्या माणसाची फुप्फुसे भरतात. माझ्याकडे वर्षानुवर्षे खोकल्यासाठी येणारे एक भजीविक्रेते आहेत. तंबाखू नाही, विडी नाही. एकदा छातीचे फोटो आणि थुंकीची तपासणी झाल्यावर मी त्यांना तेलाविषयी विचारले. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, नवीन डबा मी दिवाळी-दसऱ्यालाच फोडतो. एरवी मोठ्या हाटेलातलं उतरवलेलं तेल घेतो. निम्म्यानं पडतं. नव्या तेलात भजी विकायची तर प्लेटीमागं दहा रुपये वाढवावे लागतील, मग गिऱ्हाईक समोरच्या गाडीवर जाईल." या माणसाला दोष देणे मला जमले नाही. तो स्वतः तेच तेल हुंगतो, त्याची मुले उरलेली भजी खातात. ते तेल त्याला विकणाऱ्या मोठ्या स्वयंपाकघरापुढे मात्र दुसरा मार्ग होता.

तो मार्ग २०१८ च्या ऑगस्टमध्ये प्राधिकरणाने अधिकृतपणे आखला. वापरलेले खाद्यतेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करायचे, अशी ही योजना. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून 'रुको' असे नाव झाले आहे. सरकारी नावांत असा हिंदी शब्द जुळवून आणण्याची हौस दांडगी असते, पण इथे तो शब्द शोभतो. १ मार्च २०१९ पासून, तळणीसाठी दिवसाला ५० लिटरपेक्षा अधिक तेल वापरणाऱ्या व्यावसायिकांनी तेल किती आणले, किती वापरले आणि उरलेले कोणत्या अधिकृत संकलकाला दिले याची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. त्याच वर्षी १० ऑगस्टला सरकारी तेल कंपन्यांनी देशातील १०० शहरांत अशा बायोडिझेलची खरेदी करण्यासाठी उत्पादकांना पाचारण केले आणि पहिल्या वर्षासाठी लिटरमागे ५१ रुपये दर जाहीर केला. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे लक्ष्य आहे.

तेलाचे डिझेल होते कसे? मुळात वनस्पतीचे तेल इंजिनात चालते हे नवे नाही. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डिझेल जातीचे एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. (१० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन असतो, आणि रुडॉल्फ डिझेल यांनी १८९३ साली त्या दिवशी शेंगदाणा तेलावर इंजिन चालवले असे दरवर्षी छापून येते. शेंगदाण्याचा प्रयोग पॅरिसचा, १९०० चा.) परंतु साधे तेल डिझेलपेक्षा कितीतरी पट दाट असते. आजच्या इंजिनातील बारीक छिद्रांतून त्याचा नीट फवारा होत नाही, काजळी धरते आणि भाग चिकटतात. म्हणून तेल पातळ करावे लागते, आणि ते करण्याची रीत रसायनशास्त्राची आहे.

वर सांगितलेला तीन साखळ्यांचा रेणू आठवा. त्या तीन साखळ्या ग्लिसरीनच्या कण्यावरून सोडवायच्या आणि प्रत्येकीच्या टोकाला मेथनॉल नावाच्या सर्वांत लहान अल्कोहोलचा तुकडा जोडायचा. झाले बायोडिझेल. दाट तेलाच्या जागी तीन सडसडीत रेणू मिळतात आणि कणा ग्लिसरीन म्हणून तळाशी बसतो. यासाठी तेल गाळून, त्यातले पाणी पूर्ण घालवून, साधारण ६० अंशांवर मेथनॉल आणि थोडासा कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश यांच्यासह ढवळावे लागते. सोडा इथे केवळ उत्प्रेरक असतो. ढोबळ हिशेबाने १०० किलो तेल आणि १० किलो मेथनॉल यांपासून १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन मिळते. प्रत्यक्षात मेथनॉल जास्त घालतात आणि उरलेले परत मिळवतात. मग वरचे इंधन वेगळे करून धुतात, वाळवतात आणि भारतीय मानकानुसार तपासतात.

या प्रक्रियेतील एक गोष्ट मला वैद्यकीय दृष्टीने फार उद्बोधक वाटते. तेलात मुक्त मेदाम्ले एक-दोन टक्क्यांहून अधिक झाली की सोडा आपले काम सोडून त्यांच्याशी संयोग पावतो आणि साबण तयार होतो. पाणी राहिले असेल तर आणखीच. मग इंधन आणि ग्लिसरीन वेगळे होत नाहीत. सगळा फेसाळ, लिबलिबीत लगदा होतो. म्हणजे शेवटच्या थेंबापर्यंत वापरलेले, खवट झालेले तेल कारखान्यालाही नकोसेच असते. त्यावर आधी गंधकाम्लाच्या साहाय्याने वेगळी प्रक्रिया करून मुक्त मेदाम्लांचे एस्टर करून घ्यावे लागतात, मग मुख्य प्रक्रिया. खर्च वाढतो. २५ टक्क्यांच्या मर्यादेपाशी तेल थांबवले तर खाणाऱ्याचे हित होते आणि इंधन करणाऱ्याचेही. आरोग्य आणि धंदा यांचा असा मेळ क्वचितच जमतो.

इथे एक गंभीर सूचना, आणि ती वाचल्यावाचून पुढे जाऊ नका. बायोडिझेल घरी करण्याचे प्रयोग मोबाइलवर पाहायला मिळतात. कॉलेजातल्या उत्साही मुलांना ते करून पाहावेसे वाटते. कृपया घरात, गच्चीवर किंवा गॅरेजमध्ये हा उद्योग होऊ देऊ नका. मेथनॉल हे तेच द्रव्य आहे, ज्याने जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूच्या रूपाने शंभराहून अधिक माणसे नेली. शरीरात त्याचे रूपांतर फॉर्मिक आम्लात होते आणि हे आम्ल डोळ्यांच्या मज्जातंतूंना लक्ष्य करते. फसवी गोष्ट अशी, की पहिले कित्येक तास रुग्णाला फारसे काही जाणवत नाही. मग मळमळ, पोटदुखी, जोराचा श्वास आणि डोळ्यांपुढे पांढरे धुके. ही लक्षणे दिसेपर्यंत थांबणे म्हणजे दृष्टी गमावणे ठरू शकते. मेथनॉल पोटात गेल्याचा नुसता संशय असला तरी रुग्णाला तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. तिथे उतारा देता येतो, गरज पडल्यास डायलिसिस करता येते. हे द्रव्य त्वचेतून आणि श्वासावाटेही शरीरात जाते. शिवाय साध्या खोलीच्या तापमानालाही त्याची वाफ पेट घेते आणि त्याची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. कॉस्टिक सोड्याचे शिंतोडे डोळ्यात गेले तर बुबुळ पांढरे पडू शकते. असे कधी घडलेच तर औषध शोधत बसू नका. पापण्या उघड्या धरून नळाच्या वाहत्या पाण्याने डोळा किमान पंधरा-वीस मिनिटे धुवा आणि मगच दवाखान्याकडे निघा. मोरी साफ करण्यासाठी घरात सोडा ठेवणाऱ्यांनाही हे लागू आहे.

बायोडिझेलसाठी स्वस्त तेल म्हणून आपल्याकडे आधी दुसऱ्याच गोष्टींकडे पाहिले गेले. करंज, कडुनिंब, मोह आणि मुख्यतः मोगली एरंड. २००३ च्या सुमारास मोगली एरंडाची फार मोठी हवा होती. पडीक जमिनीवर, विनापाण्याचे, जनावरे न खाणारे झुडूप म्हणून त्याच्या लागवडीची शिफारस झाली. २००९ च्या धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले गेले. ते साध्य झाले नाही, कारण पडीक जमिनीवर झाड जगते खरे, पण बी भरघोस येत नाही. ग्रामीण भागात काम केलेल्या डॉक्टरांना मात्र हे झाड वेगळ्या कारणाने परिचित आहे. त्याची बी शेंगदाण्यासारखी गोडसर लागते, आणि कुंपणालगत खेळणारी पाच-दहा मुले एकदमच उलट्या, जुलाब आणि पोटदुखी घेऊन दवाखान्यात येतात. त्यावर विशिष्ट उतारा नाही. पाणी आणि क्षार वेळेवर भरून काढले तर बहुतेक मुले एक-दोन दिवसांत बरी होतात. तुमच्या शेताच्या बांधावर किंवा शाळेच्या कुंपणाला हे झाड असेल तर मुलांना ते ओळखायला शिकवा. करंजाच्या बाबतीत मी अधिक आशावादी आहे, परंतु तो वेगळा विषय. कारखान्यांच्या दृष्टीने तेल शुद्ध करताना मागे राहणारा आंबट गाळ, भाताच्या कोंड्याचे खाण्यास अयोग्य ठरलेले तेल आणि तळणीचे उरलेले तेल हाच खरा हाताशी असलेला स्वस्त माल आहे. यांपैकी पहिले दोन कारखान्यातच राहतात. तिसरे आपल्या रस्त्यावर फिरते.

आणि फिरणाऱ्या तेलाची भीती काल्पनिक नाही. १९८१ सालच्या मे महिन्यात स्पेनमध्ये फुप्फुसांच्या एका अनोळखी आजाराची साथ सुरू झाली. ताप, श्वास लागणे, अंगावर पुरळ, पुढे स्नायूंच्या असह्य वेदना. आधी तो संसर्ग समजला गेला. शोध घेता घेता तपास खाद्यतेलापाशी पोहोचला. उद्योगांसाठी म्हणून आयात केलेल्या मोहरीवर्गीय तेलात, ते कोणी खाऊ नये म्हणून मुद्दाम अॅनिलीन हे रसायन मिसळले होते. काही व्यापाऱ्यांनी त्यावर प्रक्रिया करून, ऑलिव्हच्या तेलाच्या नावाने किंवा स्वस्त खाद्यतेल म्हणून, लेबल नसलेल्या पाच लिटरच्या कॅनमधून आठवडी बाजारांत आणि दारोदार ते विकले. सुमारे २०,००० माणसे आजारी पडली, ३०० हून अधिक दगावली. त्या तेलातील नेमक्या कोणत्या रसायनाने हे घडवले, हे आजही निर्विवादपणे ठरलेले नाही. ज्यांनी ते घेतले ते मुख्यतः कामगार वस्त्यांतले लोक होते. आपल्या देशातही १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ होऊन अंगावर सूज येणाऱ्या रोगाने अनेकांचे प्राण गेले होते. चीनमध्ये गटारातून आणि उपाहारगृहांच्या सांडपाण्यातून उपसलेले तेल शुद्ध करून पुन्हा विकणाऱ्या टोळ्या २०११ मध्ये मोठ्या संख्येने पकडल्या गेल्या. प्रकार वेगवेगळे असले तरी सूत्र एकच दिसते. खाण्याच्या तेलाचा भाव आणि न खाण्याच्या तेलाचा भाव यांत अंतर पडले, की त्या फटीतून कोणीतरी तेल इकडचे तिकडे करतो.

म्हणूनच मला योजनेचे खरे यश प्रति लिटर दरात दिसते. २०२२ च्या उन्हाळ्यात युक्रेनच्या युद्धाने सूर्यफुलाचे तेल अडले आणि इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात थांबवली, तेव्हा आपल्याकडे तेलाच्या डब्याचा भाव कुठे गेला होता हे गृहिणींना वेगळे सांगायला नको. अशा वेळी भजीविक्रेत्याला उतरवलेले तेल अधिकच मोलाचे वाटते आणि तो त्यासाठी बायोडिझेलवाल्यापेक्षा जास्त पैसे मोजायला तयार होतो. कायदा एका बाजूला ओढतो, भाव दुसऱ्या बाजूला. ५० लिटरची मर्यादा मोठ्यांना नोंदीत आणते, ते योग्यच. परंतु दिवसाला पाच-सात लिटर तेलात धंदा करणाऱ्या हजारो गाड्या तिच्या बाहेर राहतात; ना त्यांचे तेल कोणी घ्यायला येते, ना त्यांनी ते कोणाकडून घेतले हे कोणी विचारते. मोठ्या हॉटेलाच्या मागच्या दाराने निघालेला डबा संकलकाच्या टेम्पोत चढला की गाडीवर पोहोचला, हे कागदावर दिसत असले पाहिजे, आणि त्या कागदाची कोणी तरी अधूनमधून खातरजमा केली पाहिजे. अन्न व औषध प्रशासनाची माणसे संख्येने थोडी आहेत. ही उणीव ग्राहकांच्या चौकशीने काही अंशी भरून निघू शकते, असे माझे मत आहे.

बायोडिझेलमुळे रस्त्यावरची हवा शुद्ध होईल का, हाही प्रश्न दम्याच्या रुग्णांकडून येतो. डिझेलचा धूर २०१२ पासून निश्चित कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे. अमेरिकेतील पर्यावरण संस्थेने २००२ साली केलेल्या विश्लेषणात, २० टक्के बायोडिझेल मिसळल्यास धुरातील सूक्ष्म कण सुमारे १० टक्क्यांनी आणि कार्बन मोनॉक्साइड ११ टक्क्यांनी घटते, तर नायट्रोजनची ऑक्साइडे २ टक्क्यांनी वाढतात, असे दिसले होते. आपल्याकडे लक्ष्य ५ टक्क्यांचे आहे. तेव्हा दम्याच्या रुग्णांनी त्याच्या भरवशावर इनहेलर बाजूला ठेवू नये. माझ्या लेखी या इंधनाचा मोठा लाभ धुरात होणाऱ्या घटीपेक्षा ताटातून हटणाऱ्या तेलात आहे.

आता आपल्या घरापुरते. तळण करताना कढई लहान आणि खोलगट घ्या, म्हणजे तेल कमी लागते आणि कमी उरते. तळताना पडलेला चुरा झाऱ्याने लगेच काढा. तो जळतो आणि तेलाला लवकर बिघडवतो. मीठ आणि मसाला शक्यतो तळल्यानंतर भुरभुरवा. उरलेले तेल गार झाल्यावर गाळून, झाकण लावून, उजेडापासून दूर ठेवा आणि दोन-चार दिवसांत भाजी-आमटीच्या फोडणीत संपवा. प्राधिकरणाचा सल्ला शक्यतो एकदाच वापरण्याचा, आणि फार तर तीन वेळा तापवण्याचा आहे. जुन्या तेलात नवे तेल ओतून 'ताजे' करण्याची सवय आपल्या घरांत आहे. त्याने जुने सुधारत नाही, नवे मात्र लवकर बिघडते. तेल काळपट, चिकट किंवा उग्र वासाचे झाले, त्याला फेस येऊ लागला किंवा नेहमीपेक्षा लवकर धूर येऊ लागला, तर त्याचा मोह सोडा. ते मोरीत ओतू नका. पाइपमध्ये ते थिजते आणि गाळाला धरून ठेवते; लंडनमध्ये २०१७ साली व्हाइटचॅपल भागाच्या गटारात अशा चरबीचा आणि कचऱ्याचा सुमारे २५० मीटर लांबीचा, १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. तेल थोडे असेल तर वाळूत किंवा जुन्या कापडात शोषून कचऱ्यात टाकावे.

मात्र गृहसंस्थेत पन्नास-साठ घरे असतील तर याहून चांगले करता येते. दिवाळीनंतरच्या आठवड्यात एक स्वच्छ प्लास्टिकचा पिंप पार्किंगमध्ये ठेवा, त्यावर 'वापरलेले खाद्यतेल' असे मोठ्या अक्षरांत लिहा आणि नोंदणीकृत संकलकाला बोलवा. पिंप लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी असावा. घरातून तेल नेताना ते पूर्ण गार झालेले असावे, गाळलेले असावे, आणि त्यात पाणी, साबण, तूप काढल्यावर उरलेली बेरी किंवा गाडीचे इंजिन ऑइल यांपैकी काहीही मिसळलेले नसावे. इंजिन ऑइलचा एक लिटर सगळा पिंप वाया घालवतो. संकलक आला की तेल मोजून घ्या आणि किती तेल नेले याची पावती मागा. पावती देण्यास जो टाळाटाळ करील त्याला तेल देऊ नका.

लग्नाचा केटरर ठरवताना आपण पदार्थांची यादी, ताटामागचा दर आणि वाढप्यांची संख्या विचारतो. त्याच बैठकीत दोन प्रश्न आणखी विचारा : तळणीसाठी त्या दिवशी नवे तेल फोडणार का, आणि कार्य संपल्यावर उरलेले तेल कोण नेणार? मुलांच्या शाळेच्या कँटीनला, वसतिगृहाच्या मेसला, तुमच्या कचेरीतल्या खानावळीलाही हेच विचारा. उत्तर देताना समोरचा माणूस संकलकाचे नाव घेतो, नोंदवही दाखवतो, की "ते आमचा आचारी बघतो" म्हणून विषय बदलतो, याकडे लक्ष असू द्या.